हिरव्या दिव्याचं काय खरं, नळ सोडून बघा

मागच्या मे महिन्यात एका सकाळी आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्याच नळाला पाणी नव्हतं. उलव्यात राहणाऱ्याला यात नवल वाटत नाही. हेटवणे धरणाच्या लाईनवर काही काम निघालं की इथे टँकरवाल्यांचे फोन खणखणायला लागतात. नवल वेगळंच होतं. वॉचमनच्या केबिनमध्ये टाकीची पातळी दाखवणारे पाच दिवे आहेत, आणि ते पाचही पेटलेले होते. म्हणजे टाकी काठोकाठ. सेक्रेटरी त्या दिव्यांकडे बोट दाखवून प्रत्येकाला सांगत होते, "पाणी आहे. तुमच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बघा." सात मजल्यांवरची माणसं आपापले व्हॉल्व्ह बघत होती. शेवटी वॉचमनकाका गच्चीवर गेले, टाकीचं झाकण उघडलं आणि खाली येऊन म्हणाले, "साहेब, तळ दिसतोय. सेन्सरच्या तारांवर क्षार बसलाय, म्हणून दिवे पेटतायत. मी तर रोज पहाटे खालचा नळ सोडूनच बघतो. दिव्याचं काय खरं असतं?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण महिनाभरापूर्वी सेक्रेटरींचं ते वाक्य जवळजवळ जसंच्या तसं मी स्वतः बोललो होतो. पाण्याच्या टाकीबद्दल नव्हे, एका कंपनीच्या स्टोरेजबद्दल. आणि त्या वाक्याची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याच एका मुलाने मोजली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दुसऱ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर आणि स्टोरेजवर लक्ष ठेवणारी सॉफ्टवेअर बसवणं, जुनी काढून नवी आणणं हे माझं रोजचं काम. या धंद्यात सध्या जे चाललंय त्याच्याशी माझं भांडण आहे, आणि ते मला इथे उघडपणे भांडायचं आहे. मॉनिटरिंगचं मायग्रेशन म्हणजे एक पडदा काढून दुसरा लावणं, असं आम्ही धरून चाललो आहोत. जुन्या पडद्यावरचे सगळे चौकोन नव्या पडद्यावर आले की काम संपलं. मग तो पडदा खोटं बोलला की दोष त्याच्यासमोर रात्रपाळीला बसलेल्या माणसाचा. हे मला मान्य नाही.

मशीन वाट बघतं तेव्हा

ऑफिसात ज्याला आपण 'शेअर्ड ड्राइव्ह' म्हणतो, तो फोल्डर आपल्या मशीनवर दिसतो, पण फाईली दूर कुठेतरी एका स्टोरेजवर असतात. लिनक्सच्या जगात हे काम बहुतेक ठिकाणी एनएफएस करतं. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली ते बाहेर आणलं. त्याची तिसरी आवृत्ती १९९५ची आहे आणि आजही ती असंख्य ठिकाणी चालते. तंत्रज्ञान जुनं आहे, पण त्यात काही कमीपणा नाही. ते चांगलं चालतं म्हणूनच टिकलंय.

त्याचा एक स्वभाव मात्र समजून घ्यायला हवा. एनएफएस सहसा 'हार्ड माउंट' पद्धतीने जोडलं जातं. म्हणजे स्टोरेजकडून उत्तर आलं नाही तर प्रोग्राम वाट बघत बसतो. एरर देत नाही, बंद पडत नाही, नुसता बसून राहतो. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. 'सॉफ्ट' पद्धतीत प्रोग्रामला थोड्या वेळाने एरर मिळते, पण लिहिणं अर्धवट राहून फाईल गुपचूप खराब होण्याचा धोका असतो. त्यापेक्षा थांबलेलं बरं, हा विचार योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की स्टोरेज मेलं तरी कुठेही आरडाओरड होत नाही. मशीन चालू असतं, पिंगला उत्तर देतं, प्रोसेसर मोकळा दिसतो. फक्त फाईलला हात लावणारा प्रत्येक प्रोग्राम एकामागून एक गोठत जातो. लिनक्स या अडकलेल्या प्रोग्रामनाही लोडमध्ये मोजतं. त्यामुळे प्रोसेसर रिकामा आणि लोड दोनशेच्या वर, असं विचित्र चित्र दिसतं. अनुभवी माणसाला ते बघताच कळतं की कुठेतरी स्टोरेज अडकलंय.

आता यातली गंमत बघा. या स्टोरेजवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामलाही 'किती जागा उरली' हे विचारायला त्याच फोल्डरला हात लावावा लागतो. म्हणजे आजारी माणसाला तपासायला गेलेला डॉक्टरच त्याच्याशेजारी अडकून पडतो. मग तो डॉक्टर काय कळवतो, की काहीच कळवत नाही, यावर सगळं अवलंबून असतं.

जुनं सॉफ्टवेअर ओरडलं असतं

त्या क्लायंटकडे अकरा वर्षं नागिऑस चालू होतं. १९९९ साली नेटसेंट या नावाने ते आलं आणि २००२मध्ये त्याचं नागिऑस झालं. दिसायला अगदी सरकारी ऑफिससारखं. लाल-पिवळ्या-हिरव्या रांगा, आणि दिवसाला शेकड्यांनी ईमेल. त्याच्या जागी आम्ही प्रोमिथियस आणि ग्राफाना आणलं. प्रोमिथियसची सुरुवात २०१२मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत झाली. आज या कामासाठी जगभर ते वापरलं जातं आणि मलाही ते मनापासून आवडतं. माझं भांडण सॉफ्टवेअरशी नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

मार्चअखेरची मुदत होती. जुन्या चेकची यादी एक्सेलमध्ये उतरवली. प्रत्येकासमोर नवा नियम लिहिला की रकाना हिरवा करायचा. त्या यादीत एक प्रकार वारंवार यायचा: 'सॉकेट टाइमआउट, दहा सेकंद'. नागिऑसने दूरच्या मशीनला काहीतरी विचारलं आणि दहा सेकंदांत उत्तर आलं नाही की तो थेट लाल व्हायचा. असे टाइमआउट रोज दोन-चार यायचे आणि बहुतेक आपोआप मिटायचे. मीटिंगमध्ये सगळ्यांनी एकमताने ठरवलं की हा नॉइज आहे, नव्या सिस्टिममध्ये हा नको. मीही हात वर केला. एक्सेलमध्ये त्या ओळींसमोर 'लागू नाही' असं लिहिलं आणि रकाना हिरवा केला. शेवटच्या स्लाइडवर लिहिलं होतं, '१०० टक्के मायग्रेशन पूर्ण'.

तीन आठवड्यांनी एका मंगळवारी रात्री दोनच्या सुमारास त्या स्टोरेजचा एक कंट्रोलर गेला. त्याचं काम दुसऱ्याने उचलायला हवं होतं, त्याने ते उचललं नाही. चाळीसेक सर्व्हरवरचे फोल्डर जागच्या जागी गोठले. रात्रीचा बॅकअपही तिथेच अडकून बसला.

आमच्या पडद्यावर मात्र सगळं हिरवं होतं. का, ते सांगतो, कारण लेखाचा सगळा मुद्दा इथेच आहे.

प्रत्येक सर्व्हरवरचा माहिती गोळा करणारा प्रोग्राम, म्हणजे नोड एक्सपोर्टर, शहाणा आहे. एखादा फोल्डर पाच सेकंदांत उत्तर देत नसेल तर त्याच्यामागे तो जन्मभर अडकून बसत नाही. त्या फोल्डरवर 'अडकलेला' असा शिक्का मारतो, एक छोटी खूण वर पाठवतो आणि बाकीची माहिती वेळेवर देतो. उत्तम सोय आहे. त्यामुळे सर्व्हर 'जिवंत' दिसला. पण त्या फोल्डरमध्ये किती जागा आहे, हा आकडा मात्र यायचा बंद झाला. मी लिहिलेला नियम असा होता: जागा दहा टक्क्यांपेक्षा कमी उरली तर अलर्ट दे. प्रोमिथियसमध्ये आकडाच आला नाही तर अट खरी ठरत नाही, आणि अट खरी ठरली नाही की अलर्ट वाजत नाही. आकडा गायब झाला तर बोंब मारणारा वेगळा नियम लिहावा लागतो. तो मी लिहिला नव्हता. 'अडकलेला' या खुणेवरही नियम लावला नव्हता. आणि ग्राफानावरच्या चौकोनात आम्ही 'शेवटचा मिळालेला आकडा दाखव' ही सोय निवडली होती, कारण रिकामा चौकोन मॅनेजरना आवडत नाही. त्यामुळे मेलेल्या स्टोरेजचा रात्री दोनचा आकडा पहाटेपर्यंत हिरव्या रंगात झळकत राहिला: ६१ टक्के.

जुना, कुरूप नागिऑस असता तर दहा सेकंदांत लाल झाला असता. त्याला एनएफएसची अक्कल होती म्हणून नव्हे. उत्तर न येणं हीच बातमी आहे, असं तो धरून चालायचा म्हणून. ज्याला आम्ही नॉइज म्हणून कापून टाकलं, तीच त्याची एकमेव कामाची ओरड होती.

"मूळ कारण: मानवी चूक"

पहाटे सव्वासहाला रात्रपाळीच्या मुलाचा मला फोन आला. कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा, डिप्लोमा झालेला, उरणच्या बाजूचा.

"दादा, क्लायंटकडून फोन आलाय. फाईल उघडत नाही म्हणतायत."

"डॅशबोर्डवर काय दिसतंय?"

"सगळं हिरवं आहे. एकसष्ट टक्के."

"मग त्यांच्या नेटवर्कचं असेल. त्यांना तिकडे बघायला सांग."

"बरं दादा. पण त्यांचे तीन जण तेच म्हणतायत..."

"अरे, हिरवं आहे ना?"

तुमच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बघा. मी वेगळं काय बोललो होतो? माझ्या त्या उत्तराने आणखी पाऊण तास गेला. साडेनऊला क्लायंटच्या ऑफिसात माणसं यायला लागली तेव्हा एकही ड्रॉइंग उघडत नव्हतं. स्टोरेज दुपारी पूर्ववत झालं. आदल्या रात्रीचा बॅकअप झालेलाच नव्हता. ज्यांचं काम मध्येच गोठलं होतं त्यांना ते पुन्हा करावं लागलं.

मग अहवाल लिहिला गेला. आमच्या धंद्यात त्याला आरसीए म्हणतात, म्हणजे मूळ कारणाचा शोध. त्यात कंट्रोलरबद्दल दोन परिच्छेद होते, आणि 'अलर्टला उशीर का झाला' या मथळ्याखाली एकच ओळ: शिफ्ट इंजिनिअरने परिस्थितीची वेळेत दखल घेतली नाही. पुढच्या महिन्यात त्या मुलाचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं गेलं नाही. त्या अहवालावर 'तपासलं' म्हणून माझी सही आहे.

ज्या पडद्याने खोटं सांगितलं तो मी बनवला होता. ज्याने तीन माणसांचं म्हणणं पडद्यापेक्षा खरं मानून मला फोन केला, तो त्या रात्री एकटाच बरोबर होता. घरी त्यालाच पाठवलं.

म्हणून 'मानवी चूक' हे दोन शब्द दिसले की आता माझं डोकं फिरतं. हा शब्द नेहमी सगळ्यात कमी पगाराच्या माणसालाच चिकटतो. मुदत मार्चअखेरची ठरवणारा माणूस होता. नॉइज कापायला हात वर करणारी माणसं होती. रिकामा चौकोन नको म्हणणारा माणूस होता. नियम लिहिणारा मी माणूस होतो. या सगळ्या मानवी चुका 'निर्णय' या नावाने फाईलीत जातात. पहाटे सहाला पडद्यासमोर बसलेल्याची तेवढी 'चूक' होते.

आमच्यापुरतं नाही हे

कुणी म्हणेल, तुमची कंपनी लहान, तुमचं काम ढिसाळ. म्हणून जरा मोठ्या घरांकडे बघू.

२४ फेब्रुवारी २०२१. नॅशनल स्टॉक एक्सचेंजचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि थेट दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. एक्सचेंजने नंतर दिलेल्या खुलाशानुसार, दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाईन एकाच वेळी अस्थिर झाल्या आणि त्याचा परिणाम म्हणून मुख्य डेटा सेंटरमधलं स्टोरेज नेटवर्क सर्व्हरना मिळेनासं झालं. त्यावर चालणारी जोखीम तपासण्याची यंत्रणा बंद पडली आणि तिच्याशिवाय बाजार चालू ठेवता येत नाही. ते स्टोरेज एनएफएससारखं फाईल देणारं नव्हतं, खालच्या पातळीवर डिस्कचे तुकडे देणारं होतं. पण धडा तोच. लाईन दोन होत्या, कंपन्या दोन होत्या, पर्यायी केंद्रही होतं. प्रत्येक सुटा भाग कागदावर सुरक्षित होता. माणसाला लागतो तो त्या सगळ्या भागांतून जाणारा रस्ता, आणि बंद पडला तो रस्ता.

त्यानंतर मार्च २०२१मध्ये सेबीने अशा संस्थांसाठी जे परिपत्रक काढलं ते मला आवडतं, कारण त्यात मिनिटं लिहिली आहेत. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर अर्ध्या तासात 'आपत्ती' जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. 'लवकरात लवकर' असं मोघम काही नाही, घड्याळ लावलेलं आहे. आपल्या ऑफिसातल्या स्टोरेजसाठी असं घड्याळ कुणी लिहून ठेवलंय का?

दुसरं उदाहरण गिटलॅबचं, ३१ जानेवारी २०१७चं. एका इंजिनिअरने रात्री थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप आवृत्तीच्या गोंधळामुळे बऱ्याच दिवसांपासून होतच नव्हता. तो होत नसल्याचे ईमेल निघत होते, पण मेलवर योग्य सही नसल्याने समोरचा मेल सर्व्हर ते परत फिरवत होता. म्हणजे घंटा वाजत होती, फक्त दोर कापलेला होता. सहा तासांचा डेटा गेला. गिटलॅबने त्या रात्रीची सगळी कहाणी जाहीरपणे लिहिली. त्या इंजिनिअरला बळी दिलं नाही, आपली पद्धत बदलली. हा माझ्या दृष्टीने त्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

तिसरं उदाहरण क्योटो विद्यापीठाचं. डिसेंबर २०२१मध्ये तिथल्या सुपरकॉम्प्युटरच्या स्टोरेजवरून सुमारे ७७ टीबी डेटा, म्हणजे साधारण ३ कोटी ४० लाख फाईली पुसल्या गेल्या. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये बदल करताना झालेली चूक होती. पुरवठादार कंपनीने पूर्ण जबाबदारी स्वतःकडे घेतली. १४ संशोधन गटांच्या फाईली गेल्या, त्यातल्या चार गटांच्या कधीच परत येणार नव्हत्या. ही बातमी वाचताना मला एकच प्रश्न पडला: माझ्या एकाही नियमाने हे पकडलं असतं का? आम्ही सगळे 'जागा भरत आली' हे ओरडून सांगणारे नियम लिहितो. जागा अचानक रिकामी झाली तर तो आकडा आमच्या पडद्यावर आणखी गडद हिरवा होतो.

मला दिली जाणारी उत्तरं

हे सगळं मी बोलतो तेव्हा समोरून ठरावीक उत्तरं येतात.

पहिलं: 'प्रत्येक गोष्टीवर अलर्ट लावला तर माणसं अलर्ट बघायचं बंद करतात.' खरं आहे. नागिऑसच्या शेकडो मेलनी आमची तीच गत झाली होती. पण आवाज कमी करायचा तर आधी प्रत्येक आवाज कशाचा आहे हे शोधायला हवं. आम्ही ते शोधलं नाही, फक्त कापलं. रोज दोन-चार टाइमआउट का येतात हे कुणी महिनाभर बसून पाहिलं असतं, तर तो कंट्रोलर आधीच दमलेला होता हे कदाचित तेव्हाच कळलं असतं. तापमापक सारखा ताप दाखवतो म्हणून तो फेकून देणं हा उपचार नव्हे.

दुसरं: 'सगळं क्लाउडवर न्या, मग हे प्रश्नच उरत नाहीत.' क्लाउडवर मिळणारं फाईल स्टोरेजही तुमच्या मशीनवर फोल्डर म्हणूनच जोडलं जातं. आणि त्यातली काही आजही आतून एनएफएसच बोलतात. डिस्क बदलायची जबाबदारी जाते, वाट बघत गोठलेला प्रोग्राम तुमचाच राहतो.

तिसरं, आणि खरं: 'एवढा वेळ नाही, पैसा नाही.' हे उत्तर मी मान्य करतो, एका अटीवर. ते लिहून द्या. 'वेळ नसल्यामुळे आम्ही स्टोरेज बंद पाडून चाचणी घेतलेली नाही' असं १०० टक्केवाल्या स्लाइडवर खाली लिहा आणि सही करा. मग पहाटे सहाला चूक कुणाची, हे शोधायला आरसीए लागणार नाही.

मग करायचं काय

माझी मागणी साधी आहे. स्टोरेजचं मॉनिटरिंग बदललं की एक्सेलचे रकाने मोजून काम संपलं म्हणायचं नाही. नळ सोडून बघायचा.

म्हणजे चाचणीच्या एका मशीनवरून स्टोरेजकडे जाणारा रस्ता मुद्दाम तोडायचा. एनएफएसचं पोर्ट २०४९, ते बंद करायला एक ओळ पुरते. मग घड्याळ लावून बसायचं. ठरलेल्या मिनिटांत रात्रपाळीवाल्याचा फोन वाजला तर ठीक. पडदा लाल झाला एवढं पुरेसं नाही, फोन वाजला पाहिजे. गिटलॅबच्या मेलसारखा दोर कापलेला आहे का, ते याशिवाय कळत नाही.

म्हणजे किती जागा उरली एवढंच न विचारता दर मिनिटाला त्या स्टोरेजवर एक नवी छोटी फाईल लिहायची, ती खरोखर पोचली याची खात्री करायची, दुसऱ्या मशीनवरून वाचायची आणि या सगळ्याला लागलेला वेळ मोजायचा. दुसरं मशीन अशासाठी की आपलं मशीन स्वतःच्या आठवणीतूनच उत्तर देऊन मोकळं होऊ शकतं. आणि हे काम वेगळ्या प्रोग्रामने करायचं, म्हणजे तो अडकला तरी बाकीचे सुटे राहतील. वॉचमनकाकांचा नळ तो हाच.

म्हणजे आकडा गायब होणं ही सर्वात मोठी घंटा मानायची. जागा अचानक भरली तरी वाजावी, अचानक रिकामी झाली तरी वाजावी. बॅकअप 'फसला का' हे विचारण्यापेक्षा 'शेवटचा यशस्वी बॅकअप किती तासांपूर्वीचा' हे विचारायचं, कारण जो बॅकअप सुरूच झाला नाही तो फसल्याचं कळवायला कोणी नसतं. आणि मॉनिटरिंगने स्वतः दर काही मिनिटांनी 'मी जिवंत आहे' असा निरोप बाहेरच्या एखाद्या ठिकाणी पाठवायचा. तो थांबला की त्या ठिकाणाने फोन करायचा.

म्हणजे जुनी आणि नवी यंत्रणा निदान महिनाभर शेजारी शेजारी चालवायची आणि रोज एकच प्रश्न विचारायचा: जुनी कशावर ओरडली आणि नवी गप्प राहिली? त्या यादीतली प्रत्येक ओळ कारणासकट मिटवायची. 'नॉइज' हे कारण चालणार नाही. आणि जुन्याचे आलेख फेकायचे नाहीत. प्रोमिथियस काही सांगितलं नाही तर पंधरा दिवसांचीच माहिती ठेवतं. स्टोरेज वर्षाला किती भरतं हे पंधरा दिवसांत कळत नाही.

यातलं काहीही अवघड नाही. दोन माणसांचं आठवड्याभराचं काम आहे. अवघड गोष्ट पुढची आहे, आणि माझी खरी मागणी तीच आहे: मायग्रेशन पूर्ण झालं या कागदावर शेवटची सही रात्रपाळीला बसणाऱ्या माणसाची हवी. डिप्लोमावाला असो की कॉन्ट्रॅक्टवरचा. स्टोरेज तोडून दाखवलं, त्याचा फोन वाजला, आता काय करायचं हे त्याला कळलं, आणि पडदा हिरवा असतानाही मला झोपेतून उठवायचा अधिकार त्याला आहे हे लिहून मिळालं, तरच त्याने सही करायची. नाहीतर करायची नाही. ज्याच्या डोक्यावर खापर फुटणार, त्याला मडकं वाजवून बघायचा हक्क हवा.

मी हे आमच्या पुढच्या मायग्रेशनमध्ये मांडलं. चाचण्या मान्य झाल्या. सहीचा रकाना मान्य झाला नाही, 'प्रोसेसमध्ये बसत नाही' म्हणून. मी तो रकाना तरीही कागदावर छापतो. अजून रिकामा जातो. दर वेळी कुणीतरी विचारतं, हा रिकामा का? मग मी ६१ टक्क्यांची गोष्ट सांगतो. त्या मुलालाही मी फोन केला होता. तो आता दुसरीकडे काम करतो. मी आरसीएबद्दल बोललो, तर जरा वेळ गप्प राहून म्हणाला, "दादा, तेव्हा तुम्ही एकदा लॉगइन करून फाईल उघडून बघायला हवी होती." एवढंच. मूळ कारणाचा याहून नेमका अहवाल मी वाचलेला नाही.

आमच्या सोसायटीने आता मोबाइल ॲपवर पातळी दाखवणारा नवा सेन्सर बसवलाय. वॉचमनकाका अजूनही पहाटे खालचा नळ सोडून बघतात. तुम्ही आयटीत असाल तर उद्या ऑफिसात गेल्यावर एकच प्रश्न विचारा: आपलं स्टोरेज आत्ता गोठलं, तर कुणाचा फोन वाजेल, आणि तो शेवटचा खरोखर वाजवून कधी पाहिला होता? तारीख सांगता आली नाही तर तुमचेही पाचही दिवे पेटलेले आहेत, आणि टाकीत काय आहे ते अजून कुणी पाहिलेलं नाही.